लाव्ह्याच्या किनाऱ्यावरची वाट

हवाई द्वीपसमूहातल्या सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाईच. या बेटाच्या उत्तरेकडील उपोलू भूशिरापासून पश्चिम किनाऱ्याने खाली उतरत, का लाए या दक्षिण टोकाला वळसा घालून, आग्नेयेकडच्या पुना भागातील वाहाउला देवस्थळापर्यंत समुद्राच्या कडेकडेने एक वाट जाते. तिची लांबी सुमारे २८० किलोमीटर. आला काहाकाई, म्हणजे किनाऱ्याची वाट, हे तिचे आजचे नाव. २००० साली अमेरिकी संसदेने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक पायवाटेचा दर्जा दिला आणि तिची व्यवस्था राष्ट्रीय उद्यान सेवेकडे सोपवली. वाट घडली ती मात्र कित्येक शतके आधी. पॉलिनेशियाचे दर्यावर्दी इसवी सन १००० ते १२०० च्या सुमारास जोडहोड्यांतून या बेटांवर पोहोचले. किनाऱ्याने वस्त्या झाल्या, आणि वस्तीवरून वस्तीवर जाणाऱ्या पाऊलवाटा एकमेकींना जोडल्या जाऊन आलालोआ, म्हणजे बेटाभोवतीची लांब वाट, तयार झाली. आजची ऐतिहासिक पायवाट हा तिचाच भाग आहे. लोखंड, चाक आणि ओझ्याचे जनावर यांपैकी काहीही हाताशी नसताना माणसांनी हा रस्ता लाव्ह्यावर दगड रचून केला. तो कसा रचला आहे, एवढे नीट पाहिले तरी त्या समाजाचा बराचसा इतिहास हाती लागतो.

हे बेट पाच ज्वालामुखींनी मिळून बनले आहे. कोहाला, मौना केआ, हुआलालाई, मौना लोआ आणि किलाउएआ. मौना केआची उंची ४,२०७ मीटर, मौना लोआची ४,१६९ मीटर. उत्तरेचा कोहाला सर्वांत जुना आणि थंड झालेला, तर दक्षिणेचा किलाउएआ जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे चालणाऱ्याच्या पायाखालची जमीन सर्वसाधारणपणे तरुण होत जाते. उपोलूजवळ गवताळ माती लागते, मधल्या कोना किनाऱ्यावर दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे काळे कातळ लागतात, आणि पुनामध्ये गेल्या पन्नास वर्षांतली जमीनही भेटते. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आपला पाऊस डोंगरांच्या पलीकडेच टाकतात. पश्चिम किनारा पर्जन्यछायेत राहतो. कावाइहाए बंदराच्या परिसरात वर्षाला २५० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. सावली नाही, ओढा नाही आणि खाली तापलेला काळा दगड, अशा प्रदेशातून ही वाट जाते.

या दगडाचे दोन प्रकार आहेत आणि वाटेची सगळी रचना त्यांच्यावर ठरलेली आहे. सावकाश वाहणाऱ्या पातळ लाव्ह्यावर लवचीक साय धरते, ती वळकट्यांसारखी दुमडते आणि थिजल्यावर गुळगुळीत, लाटालाटांचा पृष्ठभाग उरतो. हा पाहोएहोए. तोच लाव्हा उतारावर वेगाने ओढला गेला किंवा थंड होऊन घट्ट झाला, की त्याची साय फाटते आणि वीटभट्टीतल्या खंगरासारखे धारदार, सुट्या ढेकळांचे ढीग बनतात. हा आआ. दोघांचे रासायनिक घटक एकच असतात. पाहोएहोएचा पुढे आआ होऊ शकतो, आआचा पुन्हा पाहोएहोए होत नाही. हवाईच्या लोकांनी केलेला हा भेद भूशास्त्राने जसाच्या तसा स्वीकारला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या दख्खनच्या बेसाल्टाचे थर अभ्यासतानाही भूवैज्ञानिक हेच दोन शब्द वापरतात. सह्याद्रीच्या कड्यांत दिसणारे अनेक थर पाहोएहोए जातीचे आहेत.

पाहोएहोएवर वाट करावी लागत नाही, ती पडते. शेकडो वर्षे अनवाणी पावले एकाच रेषेने गेली, की काळ्या कातळावर किंचित झिजलेला, फिकट पट्टा उमटतो. सूर्य कलता असताना तो स्पष्ट दिसतो. आआवर मात्र अनवाणी चालणे अशक्य. तिथे लोकांनी समुद्राने घासून गोल केलेले सपाट दगड किनाऱ्यावरून वाहून आणले आणि एकेका पावलाच्या अंतरावर ओळीने बसवले. एका वेळी एकाच माणसाने जायचे, मागच्याने पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचे. एवढे वजनदार दगड खांद्यावरून आणून खडबडीत ढिगाऱ्यात डळमळणार नाहीत असे बसवणे हे फार मोठे काम होते. रात्रीच्या प्रवासासाठी वाटेच्या कडेला पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे ठेवत. चांदण्यात ते काळ्या दगडावर उठून दिसत. काळोखी रात्र असेल तर कुकुईच्या, म्हणजे जंगली अक्रोडाच्या, तेलकट बियांच्या मशाली पेटवत. टी नावाच्या झाडाच्या पानांच्या विणलेल्या वहाणा धारदार दगडावर लवकर झिजत, म्हणून लांबच्या प्रवासाला जादा जोड बरोबर घेत.

पाणी भोपळ्याच्या तुंब्यातून नेत. डोंगरावर पडलेले पाणी सच्छिद्र लाव्ह्यातून मुरत खाली येते आणि किनाऱ्याजवळ मचूळ झऱ्यांच्या व डबक्यांच्या रूपाने वर येते. या डबक्यांचा समुद्राशी वरून संबंध नसतो, पण भरती-ओहोटीबरोबर त्यांची पातळी चढते-उतरते. त्यांत ओपाए उला नावाची नखाएवढी तांबडी कोळंबी राहते. ती दगडांच्या फटींतून भूगर्भातल्या पाण्यात जाते-येते, आणि मासेमारीला आमिष म्हणून तिचा उपयोग होई. कोरड्या भागातल्या कित्येक जुन्या वस्त्या अशा पाण्याच्या आसपासच सापडतात. काही ठिकाणी लाव्ह्याच्या पोकळ नळ्यांत, म्हणजे गुहांत, छतावरून ठिबकणारे पाणी तुंबे मांडून साठवत.

एवढे कष्ट घेऊन वाट कशासाठी केली, याचे उत्तर तेथल्या जमीनव्यवस्थेत आहे. बेटाचे मोठे विभाग आणि त्यांत आहुपुआआ, म्हणजे डोंगरापासून समुद्राच्या प्रवाळापर्यंत उतरणारे उभे पट्टे, अशी वाटणी होती. वरच्या अंगाला लाकूड आणि पक्ष्यांची पिसे, मधल्या उतारावर अळू, रताळी आणि नीरफणस, खाली मीठ, मासे आणि नारळ. एका पट्ट्यातली कुटुंबे खालून वर आणि वरून खाली देवाणघेवाण करत, आणि त्यासाठीही उभ्या वाटा होत्या. किनाऱ्याची आडवी वाट या सगळ्या पट्ट्यांना छेद देत जाई. आला काहाकाई असे दोनशेहून अधिक आहुपुआआ ओलांडते. जड ओझी बहुधा होडीतून जात. वाट होती ती खवळलेल्या समुद्राच्या दिवसांसाठी, निरोप्यांसाठी, सैन्यासाठी, नातेवाइकांच्या भेटीसाठी आणि कराच्या वसुलीसाठी. कुकिनी नावाचे धावपटू सरदारांचे निरोप घेऊन याच वाटांनी जात.

वसुलीचा काळ मकाहिकीचा. सूर्यास्ताला पूर्वेला कृत्तिका उगवू लागल्या, की लोनो या पर्जन्य आणि सुगीच्या देवाचा सुमारे चार महिन्यांचा काळ सुरू होई. मराठी पंचांगातला कार्तिक महिना ज्या कृत्तिकांवरून ओळखला जातो, त्याच या चांदण्या आणि ऋतूही तोच. या काळात युद्ध बंद असे. उंच काठीला आडवी पट्टी बांधून तिला सालीच्या कापडाचे पांढरे पडदे लावलेली लोनोची मूर्ती बेटाला उजवी घालून प्रदक्षिणेला निघे. प्रत्येक आहुपुआआच्या हद्दीवर दगडांचा ओटा असे आणि त्यावर डुकराचे कोरलेले लाकडी शिर. तिथे त्या पट्ट्याच्या लोकांनी कापड, पिसे, सुकी मासळी, डुकरे मांडायची. कर पुरेसा मिळाला की पुजारी हद्द मोकळी करत आणि खेळ, कुस्त्या, नाच सुरू होत. सीमा, कर, देव आणि उत्सव हे सारे या वाटेवर एकत्र येत असे. तिला नुसता दळणवळणाचा मार्ग म्हणणे म्हणूनच अपुरे आहे.

उत्तरेकडून निघाल्यावर पहिला मोठा मुक्काम कावाइहाएजवळच्या पुउकोहोलाचा. टेकडीवरचे हे विशाल देवस्थळ कामेहामेहा या राजाने १७९०-९१ मध्ये युद्धदेवतेसाठी उभारले. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवून केलेले कोरडे बांधकाम. कोकणातला गडगा ज्या तंत्राने उभा राहतो तेच तंत्र, पण प्रमाण किल्ल्याचे. दगड उत्तरेच्या पोलोलू खोऱ्यातून माणसांच्या रांगेने हातोहात आणले, असे परंपरा सांगते. बांधकाम पूर्ण झाल्यावर प्रतिस्पर्धी चुलतभाऊ केओउआ याला बोलावण्यात आले आणि तो इथेच मारला गेला. १८१० पर्यंत सगळी बेटे कामेहामेहाच्या अंमलाखाली आली.

इथून आनाएहोओमालूपर्यंतचा सुमारे २५ किलोमीटरचा टप्पा आज सर्वांत जास्त चालला जातो. पुआको येथे पाहोएहोएच्या सपाट कातळावर तीन हजारांहून अधिक कातळशिल्पे आहेत. त्यांत काठीसारखी माणसे, होड्या आणि वर्तुळे दिसतात. पुढे कालाहुइपुआआचे मत्स्यतलाव लागतात. समुद्र आणि तलाव यांच्यातल्या चरात लाकडी काठ्यांची जाळीदार झडप बसवलेली असे. बोय जातीच्या माशांची पिल्ले तिच्यातून आत येत आणि वाढल्यावर त्यांना बाहेर पडता येत नसे. किहोलो येथे कामेहामेहाने दुरुस्त करून घेतलेला असाच एक प्रचंड तलाव होता. जानेवारी १८५९ मध्ये मौना लोआच्या उतारावर सुमारे ३,३०० मीटर उंचीवर फुटलेला लाव्हा जवळजवळ ५० किलोमीटर वाहत आठवड्याभरात समुद्राला मिळाला. त्याने एक गाव आणि या तलावाचा बहुतेक भाग गिळला. त्याच्या दक्षिणेला हुआलालाईच्या १८०१ च्या उद्रेकाचा लाव्हा पसरला आहे. कोनाचा विमानतळ याच लाव्ह्यावर बांधलेला आहे, म्हणजे तिथे विमानाने उतरणारा प्रत्येक प्रवासी पहिले पाऊल त्याच्यावर टाकतो.

याच कोरड्या किनाऱ्यावर वाटेच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल दिसतो. १८०३ मध्ये 'लेलिया बर्ड' या जहाजातून या बेटांवर पहिले घोडे उतरले. दगडांवरून एकामागे एक पावले टाकायची वाट घोड्याला चालत नाही. त्यामुळे १८२० नंतरच्या दशकांत वाटा रुंद झाल्या, पावलांच्या गोट्यांशेजारी भर घालून सपाट केल्या गेल्या, आणि शेवटी नव्याच आखल्या गेल्या. दोन्ही बाजूंना कडेचे उभे दगड, मध्ये बारीक केलेला लाव्हा, खोलगटीवर भराव. रसेल ॲपल यांनी १९६५ मध्ये बिशप संग्रहालयातर्फे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बदलांवरूनच वाटांचे प्रकार पाडले आहेत, आणि आजही पुरातत्त्वज्ञ त्यांच्याच वर्गीकरणाने वाटेचा काळ ठरवतात. जुनी वाट किनाऱ्याचे प्रत्येक वळण घेते, कारण तिला प्रत्येक वस्तीवर आणि प्रत्येक झऱ्यावर जायचे असते. नवी वाट सरळ रेषेत जाते, कारण तिला फक्त लवकर पोहोचायचे असते. सरळ रस्त्यावरून माणूस बंदराकडे, चर्चकडे आणि बाजाराकडे जाऊ लागला, आणि वळणावरच्या लहान वस्त्या रिकाम्या होत गेल्या. कालोको-होनोकोहाऊ येथून जाणारा मामालाहोआ हा असाच सरळ मार्ग १८३६ ते १८५५ या काळात झाला. तो बांधायला कैदी होते, आणि कराऐवजी श्रम देणारे सामान्य लोकही.

शेजारच्या माउई बेटावर या बदलाचे आणखी एक ठळक उदाहरण आहे. तिथे सोळाव्या शतकात पिइलानी आणि त्याचा मुलगा किहापिइलानी या राजांनी संपूर्ण बेटाला वळसा घालणारी वाट पुरी केली, अशी परंपरा आहे. तिच्या दक्षिण भागाची डागडुजी १८२४ ते १८४० या काळात माउईचा राज्यपाल होआपिली याने केली, म्हणून तो तुकडा आज होआपिली वाट म्हणून ओळखला जातो. ती केओनेओइओच्या उपसागरापासून निघते. ३० मे १७८६ रोजी फ्रेंच नौदल अधिकारी ला पेरूझ इथे उतरला. त्याने तिथे वस्त्या पाहिल्याची नोंद केली आहे. इथला आआ हालेआकाला ज्वालामुखीचा. तो १७९० च्या सुमाराचा असावा असा समज दीर्घकाळ होता. नव्या कालमापनाने तो त्याहून बराच जुना, पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या आसपासचा ठरला. १९७३ पासून इथला आहिहि-किनाउ परिसर संरक्षित आहे.

हवाई बेटावर परत आल्यावर कोनाची मुख्य पेठ, काइलुआ लागते. कामेहामेहा ८ मे १८१९ रोजी इथेच वारला. त्यानंतर काही महिन्यांतच त्याची पत्नी काआहुमानू आणि मुलगा लिहोलिहो यांनी कापू, म्हणजे निषेधांची धार्मिक व्यवस्था, मोडली. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचे नाही हा त्यांतला मुख्य नियम, आणि राजा झालेल्या लिहोलिहोने स्त्रियांच्या पंगतीला बसून तो जाहीरपणे तोडला. जुन्या धर्माची बाजू घेणारा केकुआओकालानी डिसेंबर १८१९ मध्ये कुआमोओच्या लाव्ह्याच्या मैदानावर लढला आणि त्याची पत्नी मानोनोसह मारला गेला. या लढाईतल्या मृतांवर रचलेले दगडांचे ढीग वाटेच्या शेजारी आजही आहेत. ख्रिस्ती मिशनरी पोहोचले १८२० मध्ये, जुना धर्म मोडून पडल्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुष्कळ लेखनात तो उलटा मांडला जातो.

कुआमोओच्या दक्षिणेला केआलाकेकुआचा उपसागर आहे. जानेवारी १७७९ मध्ये, मकाहिकीच्या काळात, कॅप्टन कुक इथे आला. नंतर मोडलेली डोलकाठी दुरुस्त करायला परतला असता चकमकीत १४ फेब्रुवारीला मारला गेला. पुढे होनाउनाउ. या किनाऱ्यावर एकच ठिकाण पाहायचे असेल तर ते हे. इथले पुउहोनुआ हे शरणस्थान होते. कापू मोडल्याची शिक्षा बहुधा मृत्यू असे, पण अपराधी, पराभूत सैनिक किंवा लढाईतून पळालेली बायका-मुले या आवारात पोहोचली की त्यांना अभय मिळे. पुजाऱ्याने शुद्धिविधी केला की माणूस मोकळा होऊन घरी जाई. आवाराची भिंत सुमारे ३०० मीटर लांब, साडेतीन मीटरांहून उंच आणि पाच मीटर जाड आहे, सगळी बिनचुन्याची. तिच्या टोकाला असलेल्या हाले ओ केआवे या घरात तेवीस सरदारांच्या अस्थी ठेवलेल्या होत्या. आजचे घर पुनर्रचित आहे.

कोनाच्या पलीकडे वस्ती विरळ होते. मिलोलिइ हे मासेमारीचे गाव अजून नांदते आहे. त्याला लागून असलेले होओपुलोआ १९२६ मध्ये मौना लोआच्या लाव्ह्याखाली गेले. का लाएच्या कड्यावर दगडाला आरपार भोके पाडलेली आहेत. जोरदार प्रवाहात होडी वाहून जाऊ नये म्हणून ती दोराने इथे बांधून कोळी मासेमारी करत. जवळच्या पापाकोलेआचा किनारा ऑलिव्हिन या खनिजामुळे हिरवा आहे, तर पुनालुउचा किनारा, लाव्हा समुद्रात फुटून झालेल्या वाळूमुळे, काळा. दोन्ही ठिकाणी पर्यटक गर्दी करतात, आणि पापाकोलेआकडे जाणाऱ्या गाड्यांनी आसपासची जमीन आणि जुन्या वाटेच्या खुणा अक्षरशः उकरून टाकल्या आहेत.

शेवटचा टप्पा किलाउएआच्या दक्षिण उताराचा. हा सगळा उतार हळूहळू समुद्राकडे सरकत आहे आणि अधूनमधून एकदम हलतो. २ एप्रिल १८६८ रोजी सुमारे ७.९ तीव्रतेचा भूकंप आणि त्सुनामी झाली. काउ आणि पुना या भागांच्या किनाऱ्यावरची अनेक गावे वाहून गेली, त्यांत आपुआ पुन्हा वसलेच नाही. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी पुन्हा भूकंप झाला, हालापे येथे किनारा तीन मीटरांहून अधिक खचला, नारळांची राई पाण्यात गेली आणि तिथे मुक्कामाला असलेल्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला. या टप्प्यावर पुउलोआ आहे. इथल्या पाहोएहोएच्या टेकाडावर २३,००० हून अधिक कातळशिल्पे मोजलेली आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य म्हणजे लहान वाटीसारखे खळगे. बाळाची नाळ अशा खळग्यात ठेवून वर दगड ठेवायचा, म्हणजे मूल दीर्घायुषी होते, अशी श्रद्धा. १८२३ मध्ये बेटाला पायी आणि होडीने फेरी मारणाऱ्या विल्यम एलिस या मिशनऱ्याला या बेटावरच्या वर्तुळांविषयी लोकांनी वेगळा अर्थ सांगितला. मधला ठिपका म्हणजे माणूस, आणि भोवतीची वर्तुळे म्हणजे त्याच्याबरोबर बेटाची प्रदक्षिणा केलेल्यांची संख्या. वाटसरूंनी स्वतःच्या प्रवासाची केलेली ही नोंद आहे.

३ जानेवारी १९८३ ला सुरू झालेला किलाउएआचा पुउ ओओ उद्रेक २०१८ पर्यंत चालला. १९९० मध्ये कालापाना गाव त्याखाली गेले, आणि १९९७ मध्ये वाहाउलाही. म्हणजे पायवाटेचा अधिकृत शेवट ज्या ठिकाणी आहे, ते ठिकाण आता लाव्ह्याखाली आहे.

ही वाट निसर्गापेक्षा माणसाच्या हातून अधिक वेगाने नाहीशी होण्याची शक्यता विसाव्या शतकात निर्माण झाली. १९६५ मध्ये मौना केआ बीच हॉटेल उघडले, १९७० मध्ये विमानतळ, पाच वर्षांत महामार्ग, आणि कोनाच्या उत्तरेला हॉटेले व गोल्फची मैदाने उभी राहिली. दगडांच्या ओळी बुलडोझरखाली गेल्या. या वेळी उपयोगी पडला तो १८९२ चा रस्त्यांचा कायदा. राणी लिलिउओकलानी हिच्या राजवटीत झालेल्या या कायद्याने त्या वेळी अस्तित्वात असलेल्या पायवाटाही सार्वजनिक रस्ते ठरवल्या. पुढच्याच वर्षी जानेवारीत राणीची सत्ता उलथवली गेली, पण कायदा टिकला. खासगी जमिनीतून जाणारी वाट १८९२ पूर्वीची आहे हे जुने नकाशे आणि हद्दनिश्चितीच्या साक्षी दाखवून सिद्ध करता आले, तर त्या वाटेवरचा हक्क लोकांचा राहतो. १९९५ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानेही विकसित न झालेल्या खासगी जमिनीवर मूळ हवाईयनांचे परंपरागत वहिवाटीचे हक्क मान्य केले. राणीच्या त्या कायद्याइतके उपकार या वाटेवर दुसऱ्या कशाचेही नाहीत.

२८० किलोमीटरची ही वाट आजही सलग चालता येत नाही. तुकड्यातुकड्यांनी ती मोकळी होत आहे. २००९ च्या व्यवस्थापन आराखड्याने ठरवले, की ज्या आहुपुआआतून वाट जाते तिथल्या पिढीजात कुटुंबांनी तिची राखण करायची आणि उद्यान सेवेने साहाय्य करायचे. हा निर्णय योग्य आहे. कोणता दगड कुणी ठेवला आणि कोणत्या झऱ्याचे पाणी पिण्याजोगे आहे, हे त्या घरांतच माहीत असते. समुद्राची पातळी वाढल्याने मचूळ डबकी खारी होत आहेत. किआवेचे काटेरी रान, जे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड आहे, किनाऱ्यावर माजते आहे. या दोन्हींशी हीच माणसे झुंजत आहेत.

हवाईला जाणाऱ्या वाचकाने कावाइहाएकडून आनाएहोओमालूचा टप्पा पहाटे निघून चालावा. जाड तळाचे बूट घालावेत आणि दिवसभराचे पाणी बरोबर घ्यावे, कारण वाटेत ते मिळेलच असे नाही. कातळशिल्पांवर पाय देऊ नये, आठवण म्हणून खडा उचलू नये, आणि फोटोसाठी दगडांचे मनोरेही रचू नयेत. वाटेवरचा प्रत्येक दगड बहुधा कुणीतरी तिथे ठेवलेला असतो. तो हलला की ती वाट अनवाणी माणसांची होती की घोडेस्वारांची, हे सांगणारा पुरावा कायमचा जातो.